समलिंगी विवाहाचे कायदे, लोकसंख्या आणि रोजगार : आकडे काय सांगतात

आपल्या समाजातील अनेक घरांतली मुले-मुली आज नेदरलँड्स, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत नोकरीला आहेत. या सर्व देशांत समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता आहे. भारतात ती नाही. त्यामुळे हा विषय मंडळाच्या कार्यक्रमांत, ज्येष्ठांच्या गप्पांत आणि घरच्या जेवणाच्या वेळी अधूनमधून निघतो. तो निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. असे कायदे झाले तर मुले जन्माला येण्याचे प्रमाण घटेल का? आणि या सगळ्याचा नोकरी-धंद्याशी संबंध काय?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना पहिला प्रश्न जास्त टोचतो. मराठी शाळेचा पट घटतो आहे, उत्सवाच्या मांडवात तरुण कमी दिसतात, पुढच्या पिढीत मराठी बोलणारे किती उरतील ही काळजी खोटी नाही. पण काळजी खरी असली तरी तिचे कारण योग्य ठिकाणी शोधले पाहिजे. म्हणून या दोन्ही प्रश्नांवर जी खात्रीची माहिती उपलब्ध आहे ती आम्ही येथे एकत्र दिली आहे. समलिंगी विवाह धर्माला किंवा परंपरेला धरून आहे की नाही, यावर सभासदांची मते वेगवेगळी असणार आणि ती असू देत. लेखाचा विषय तेवढ्यापुरता मर्यादित आहे : कायद्याने लोकसंख्येत आणि रोजगारात प्रत्यक्ष काय बदलते.

कायद्याचा थोडक्यात इतिहास

समलिंगी जोडप्यांना कायद्याने पहिली ओळख दिली ती डेन्मार्कने, १९८९ मध्ये. तिचे नाव विवाह नव्हते, 'नोंदणीकृत सहजीवन' होते. पूर्ण विवाहाचा हक्क देणारा पहिला देश नेदरलँड्स. तेथे १ एप्रिल २००१ रोजी कायदा लागू झाला आणि त्याच मध्यरात्री अ‍ॅमस्टरडॅमचे महापौर योब कोहेन यांनी चार जोडप्यांचे विवाह लावले. कॅनडात २००५ मध्ये देशभर मान्यता मिळाली, पोर्तुगालमध्ये २०१० साली, इंग्लंडमध्ये २०१४ पासून असे विवाह होऊ लागले, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये कायदा झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २००४ मध्ये सुरुवात केली आणि २६ जून २०१५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना हा नियम लागू केला. आशियात तैवान (२०१९) पहिला. जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्येही असे विवाह नोंदले जातात. आज अशा देशांची संख्या ३५ च्या वर आहे.

म्हणजे पाहण्यासारखा काळ आता जवळजवळ पाव शतकाचा आहे. अंदाजाने बोलण्याची गरज उरलेली नाही.

जन्मदर : कायदा असलेले आणि नसलेले देश

लोकसंख्येचा अभ्यास करणारे 'एकूण प्रजनन दर' वापरतात. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील याचा हा आकडा. तो २.१ च्या आसपास असला तर लोकसंख्या पिढीमागून पिढी साधारण तेवढीच राहते. त्याखाली गेला तर स्थलांतराची भर पडल्याशिवाय ती कालांतराने घटू लागते.

नेदरलँड्समध्ये कायद्याच्या आदल्या वर्षी, २००० साली, हा दर १.७२ होता. कायद्यानंतर तो कोसळला नाही. उलट २०१० पर्यंत १.८० च्या जवळ पोहोचला. त्यानंतर मात्र घसरत २०२३ मध्ये १.४३ वर आला. एकच कायदा दर आधी वाढवतो आणि मग घटवतो असे म्हणता येत नाही. घसरणीच्या त्याच वर्षांत ज्या देशांत असा कायदा नव्हता तेथेही दर पडत होते. देशाची एकूण लोकसंख्या मात्र २००१ मधल्या सुमारे १ कोटी ६० लाखांवरून २०२४ मध्ये १ कोटी ८० लाखांवर गेली, आणि त्या वाढीत बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. आइंडहोव्हेन आणि अ‍ॅमस्टरडॅम परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे त्याच वाढीचा भाग आहेत.

आता कायदा नसलेले देश पाहू. दक्षिण कोरियात समलिंगी विवाहाला मान्यता नाही. २०२३ मध्ये तेथील दर ०.७२ होता, जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी एक. जपानमध्येही राष्ट्रीय कायदा नाही, दर १.२०. इटलीत विवाहाचा हक्क नाही, फक्त नोंदणीकृत सहजीवन आहे, दर तेवढाच. तैवानचे उदाहरण कायद्यावर बोट ठेवण्यासाठी पुष्कळदा दिले जाते, कारण तेथे दर ०.९ च्या खाली गेला आहे. पण तैवानचा दर २०१० सालीच ०.९ च्या घरात आला होता, म्हणजे कायद्याच्या नऊ वर्षे आधी. थायलंडमध्येही कायदा येण्याच्या कितीतरी आधी दर १.५ च्या खाली उतरलेला होता.

दर कशाने घटतो याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढते वय, संततिनियमनाची साधने, बालमृत्यूत झालेली घट, शहरातली महाग घरे, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, आणि नोकरी करणाऱ्या आईला घरकामात न मिळणारी साथ. या यादीत समलिंगी जोडप्यांना जागा नाही, याचे एक साधे कारण संख्येत आहे. अमेरिकेत २०२१ च्या सर्वेक्षणात अशी सुमारे १२ लाख जोडपी होती आणि त्यांतली सुमारे ७ लाख विवाहित. देशातल्या एकूण घरांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याच्या जवळपास येते. शिवाय ज्यांनी असा विवाह केला, ते कायदा नसता तर भिन्नलिंगी विवाह करून मुले वाढवत बसले असते, हे गृहीतकच डळमळीत आहे.

भिन्नलिंगी जोडप्यांचा विवाहावरचा विश्वास यामुळे उडतो का, हाही प्रश्न तपासला गेला आहे. अमेरिकेतील रँड संस्थेने २०२४ मध्ये वीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. भिन्नलिंगी जोडप्यांचे विवाह, घटस्फोट किंवा विवाहाविना एकत्र राहणे यांवर कायद्याचा वाईट परिणाम झाल्याचे त्यात आढळले नाही.

गोवा आणि पोर्तुगाल

गोव्यातील सभासदांना ही तुलना विशेष बोलकी वाटेल. गोव्याचा कौटुंबिक कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. मुक्तीनंतरही तो चालू राहिला, पण तो गोव्यात जसा होता तसा राहिला आणि पोर्तुगालमध्ये पुढे बदलत गेला. पोर्तुगालने २०१० मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली. गोव्यात ती नाही.

पोर्तुगालचा प्रजनन दर कायद्यानंतर २०१३ पर्यंत १.२१ पर्यंत खाली आला. ती वर्षे तेथील कर्जसंकटाची होती. काम मिळेना म्हणून तरुण मोठ्या संख्येने देश सोडून जात होते. परिस्थिती सावरली तसा दर पुन्हा १.४ च्या वर गेला. कायदा दोन्ही वेळी तोच होता. बदलला तो रोजगार. आणि गोवा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्याचा दर १.३ नोंदला गेला. जेथे कायदा आहे त्या पोर्तुगालपेक्षा जेथे कायदा नाही त्या गोव्यात मुले कमी जन्माला येत आहेत.

आपल्या राज्यांचे आकडे

याच सर्वेक्षणातील, आपले लोक जेथे स्थायिक आहेत त्या राज्यांचे दर असे आहेत :

- गोवा : १.३
- महाराष्ट्र : १.७
- कर्नाटक : १.७
- तेलंगण : १.८
- गुजरात : १.९
- मध्य प्रदेश : २.०
- संपूर्ण भारत : २.०

१९९२-९३ च्या पहिल्या फेरीत भारताचा दर ३.४ होता. तीन दशकांत तो २.० वर आला, आणि या सबंध काळात देशात समलिंगी विवाहाचा कायदा कधीच नव्हता. आपल्या वसाहतींतली घरे लहान होत आहेत ती या मोठ्या प्रवाहामुळे, आणि त्यात शिक्षण-नोकरीसाठी पुणे, बंगळूर किंवा परदेशी जाणाऱ्या मुलांची भर पडते. मराठी शाळेचा पट का घटतो, याचे उत्तर इथे आहे.

मग लोकसंख्येशी संबंध काहीच नाही का?

आहे, पण तो जन्मदराच्या वाटेने येत नाही. तीन वाटा दिसतात.

पहिली वाट मोजणीची. कायदा नसताना अशी जोडपी आकडेवारीत दिसतच नाहीत. अमेरिकेत १९९० च्या जनगणनेत दोन पुरुषांनी स्वतःला पती-पती म्हणून नोंदवले, तर जनगणना खाते ती नोंद चूक समजून बहुधा त्यांपैकी एकाचे लिंगच कागदावर बदलत असे. २००० मध्ये अशा जोडप्यांना 'अविवाहित जोडीदार' या रकान्यात टाकले गेले. विवाह कायदेशीर झाल्यावर त्यांची स्वतंत्र मोजणी रूढ झाली. त्यामुळे कायद्यानंतर अशा कुटुंबांची संख्या एकदम वाढल्यासारखी दिसते, तेव्हा त्यातला काही भाग आधीपासून असलेल्या, पण न मोजलेल्या माणसांचा असतो.

दुसरी वाट स्थलांतराची. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला जोडीदारासाठी व्हिसा मिळतो तो विवाहाच्या दाखल्यावर. अमेरिकेत १९९६ च्या एका कायद्याने केंद्र सरकारच्या सर्व कामांसाठी विवाह म्हणजे स्त्री-पुरुषाचाच विवाह असे ठरवले होते. २६ जून २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, आणि त्यानंतर एच-१बी व्हिसावर असलेल्या अभियंत्याच्या समलिंगी जोडीदारालाही एच-४ व्हिसा मिळू लागला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जून २०१८ मध्ये निकाल दिला की, संघातील नागरिकाने एका सदस्य देशात असा विवाह केला असेल, तर राहण्याच्या परवान्यापुरते तरी दुसऱ्या सदस्य देशाने त्याच्या जोडीदाराला नाकारता येणार नाही. याचा अर्थ सोपा आहे. दोन देशांत नोकरी मिळण्यासारखी असेल आणि त्यांपैकी एकाच देशात आपले घर 'घर' म्हणून धरले जाणार असेल, तर माणूस तिकडेच ओढला जातो. एकूण लोकसंख्येत ही संख्या लहान. पण ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी परत येत नाही, त्या घराला तो आकडा लहान वाटत नाही.

तिसरी वाट मुलांच्या संगोपनाची. अमेरिकेत सुमारे १५ टक्के समलिंगी जोडप्यांच्या घरी १८ वर्षांखालील मुले आहेत, आणि दत्तक मूल वाढवण्याचे प्रमाण त्यांच्यात इतर जोडप्यांपेक्षा जास्त आहे. भारतात एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येते, पण जोडपे म्हणून दत्तक घ्यायचे तर किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन असावे लागते. २०२१ च्या सरोगसी कायद्यातही अशा जोडप्यांना जागा नाही. म्हणजे येथे कायद्याचा अभावच काही मुलांना दोन पालकांऐवजी कागदोपत्री एकच पालक देतो.

रोजगार : येथे संबंध थेट आहे

विवाह हा नोकरदार माणसासाठी केवळ घरचा विषय नसतो. आरोग्य विम्यात कोणाचे नाव घालता येईल, जोडीदार आजारी पडला तर रजा मिळेल का, बदलीत एकत्र राहण्याची सवलत कोणाला, मृत्यूनंतर निवृत्तिवेतन कोणाला, या सगळ्याचे उत्तर 'कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येत असते आणि ती व्याख्या विवाहाच्या कायद्यातून येते.

अमेरिकेत आरोग्य विमा बहुतांशी नोकरीतून मिळतो. पूर्वी एखाद्या कंपनीने आपणहून समलिंगी जोडीदाराचा विमा उतरवला, तरी त्या विम्याची किंमत कर्मचाऱ्याचे उत्पन्न धरून त्यावर केंद्राचा कर लागे. शेजारच्या टेबलावरच्या विवाहित सहकाऱ्याला तो लागत नसे. काम तेच, पगार तोच, हाती येणारी रक्कम वेगळी. विवाह कायदेशीर झाल्यावर हा फरक गेला.

नोकरी मिळण्यावरही परिणाम झाला. अर्थशास्त्रज्ञ डारिओ सान्सोने यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या राज्यांनी आधी कायदा केला आणि ज्यांनी नंतर, त्यांची तुलना केली. कायदा झालेल्या राज्यांत समलिंगी जोडप्यांतले दोघेही नोकरीत असण्याची, पूर्णवेळ काम करण्याची शक्यता वाढली होती आणि कामाचे तासही वाढले होते. भेदभाव कमी झाल्यामुळे हे घडले असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लग्नानंतर एकाने नोकरी सोडून घर सांभाळावे, असे घडेल अशी काहींची अपेक्षा होती; आकड्यांत उलटेच दिसले.

मात्र विवाहाचा कायदा म्हणजे नोकरीचे संरक्षण नव्हे. अमेरिकेत २०१५ नंतरही बऱ्याच राज्यांत समलिंगी असल्यावरून कामावरून काढणे बेकायदा नव्हते. लग्नाचा दाखला मिळायचा आणि तोच दाखला विम्यासाठी कार्यालयात दिला की नोकरी धोक्यात यायची. १५ जून २०२० च्या निकालाने ही पळवाट बंद झाली. दोन कायदे वेगळे आहेत आणि दोन्ही लागतात, हा त्या पाच वर्षांचा धडा.

भारतात नोकरी गमावलेली माणसे

आपल्याकडे हा प्रश्न विवाहाच्या याचिकांपेक्षा जुना आहे. १९८७ च्या अखेरीस मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातील लीला आणि ऊर्मिला या दोन महिला शिपायांनी आपसात विवाह केला. बातमी बाहेर आली आणि दोघींना नोकरीवरून काढण्यात आले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती लग्नाची. दोन गरीब घरांतला पगार बंद झाला, हे मागे पडले.

दुसरे नाव मराठी माणसाने विसरू नये असे आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरास हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुखही. ते कवी होते. महाराष्ट्रापासून दूर, हिंदी-उर्दूच्या प्रदेशात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ मराठी शिकवली. बाहेरगावी आपली भाषा टिकवण्याचे जे काम आपण मंडळात मोठ्या शब्दांत सांगतो, ते त्यांनी वर्गात उभे राहून केले. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन काही जण त्यांच्या निवासस्थानात घुसले, एका पुरुषासोबतचे त्यांचे खासगी क्षण टिपले गेले, आणि विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले. घरही सोडावे लागले. निवृत्ती तेव्हा काही महिन्यांवर आली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवड्याभरात भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेह सापडला. त्यांच्यावरील 'अलीगढ' हा हंसल मेहता दिग्दर्शित चित्रपट अनेकांनी पाहिला असेल.

या घटनेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते. म्हणजे डॉ. सिरास यांनी त्या वेळी गुन्हा केलेला नव्हता, तरी नोकरी गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात घटनापीठाने कलम ३७७ चा तो भाग कायमचा निष्प्रभ केला. याचा उपयोग नोकरीत झालेला दिसतो : उत्तर प्रदेशातील एका होमगार्डला जोडीदारासोबतच्या चित्रफितीवरून काढून टाकले होते, ते अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये २०१८ च्याच निकालाच्या आधारे रद्द ठरवले. पण ही नोकरी सरकारी होती. खासगी नोकरीत लैंगिक कलावरून भेदभाव करू नये असे सांगणारा स्वतंत्र कायदा देशात अजून नाही.

या वगळण्याची देशाला पडणारी किंमत जागतिक बँकेसाठी ली बॅजेट यांनी २०१४ मध्ये काढली होती. शिक्षण आणि नोकरीतला भेदभाव व त्यातून होणारे आजार धरून ती भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ ते १.७ टक्के येते असा त्यांचा अंदाज होता. दोन टोकांतले अंतर मोठे आहे, म्हणून तो अंदाज म्हणूनच घ्यावा.

२०२३ चा निकाल आणि आजची स्थिती

विवाहाच्या हक्कासाठीच्या मुख्य याचिकेतले जोडपे हैदराबादचे होते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा न्यायालय बदलू शकत नाही, यावर पाचही जणांचे एकमत होते. नागरी सहजीवनाची मान्यता आणि जोडीने दत्तक घेणे हे दोन मुद्दे ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळले गेले. पारलिंगी व्यक्तीचा भिन्नलिंगी विवाह मात्र सध्याच्या कायद्यांत वैध आहे, हे स्पष्ट झाले. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. विवाहाबाबतचा निर्णय आता संसदेच्या हाती आहे.

निकालानंतर मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०२४ मध्ये काही खुलासे निघाले. संयुक्त बँक खाते उघडण्यास किंवा खात्यावर जोडीदाराला नॉमिनी करण्यास आडकाठी नाही; शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावे; जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे. काही उद्योगांनी त्याआधीच पाऊल टाकले होते. टाटा स्टीलने २०१९ मध्ये आणि अ‍ॅक्सिस बँकेने २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना आरोग्यविषयक लाभ देऊ केले.

कुटुंबांनी लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

- भविष्य निर्वाह निधी : नियमांतील 'कुटुंबा'त पती-पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील येतात. कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीला केलेले नामनिर्देशन ग्राह्य नसते. ज्याला असे कुटुंबच नाही, तो कोणालाही नेमू शकतो. म्हणजे आई-वडील अवलंबून असतील तोवर जोडीदाराचे नाव घालता येत नाही. ग्रॅच्युइटीतही तत्त्व हेच.
- कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नियुक्ती : समलिंगी जोडीदाराला यांत स्थान नाही.
- बँक : नॉमिनी कोणीही असू शकतो, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. रकमेवर हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा.
- मृत्युपत्र : स्वकष्टार्जित मालमत्ता दोन साक्षीदारांसमक्ष केलेल्या मृत्युपत्राने कोणालाही देता येते. गोव्यात मात्र हक्काच्या वारसांसाठी साधारणपणे अर्धा हिस्सा राखीव असतो, तेव्हा तेथे वकिलाचा सल्ला घेऊनच करावे.
- परदेशी झालेला विवाह : त्या देशातील व्हिसा, विमा, निवृत्तिवेतन यांसाठी तो पूर्ण वैध. भारतातील मालमत्ता आणि वारसा यांसाठी त्याचा आधार धरू नये. येथले मृत्युपत्र वेगळे करून ठेवावे.

वरील सर्व माहितीतून आम्हांला एक गोष्ट स्वच्छ दिसते. विवाहाचा कायदा किती मुले जन्माला येतील हे ठरवत नाही. कमावत्या माणसाच्या पाठीमागे कोणाला त्याचे माणूस समजायचे, हे तो ठरवतो. आपल्या समाजाची संख्या टिकवायची तर पाळणाघरे, परवडणारी घरे, गावातच मिळणाऱ्या चांगल्या नोकऱ्या आणि मुलांना गोडी लागेल अशी मराठी शिकवणी यांकडे पाहावे लागेल. आणि जी मुले-मुली आधीच आपली आहेत, त्यांना परके न करणे हाही संख्या टिकवण्याचाच भाग आहे.

राहिला प्रश्न मंडळांचा. बहुतेक मंडळांच्या कुटुंब सभासदत्वाच्या अर्जात 'पती / पत्नीचे नाव' असा एकच रकाना असतो. तो तसाच ठेवायचा, की 'घरातील सदस्य' असे लिहायचे, हे प्रत्येक मंडळाने आपल्या सर्वसाधारण सभेत ठरवायचे आहे. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.